जामीनदार आण!

पांढरकवडा नकाशात शोधत बसू नका. नागपूर-हैद्राबाद हायवे धरा, लागतंच. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यात ह्याच डांबरावरून तेलंगणातून निघालेली माणसं उत्तरेकडे चालत गेली. बायांच्या काखेत पोरं, पायात तुटक्या चपला. आमच्या वस्तीतल्या पोट्ट्यांनी पाण्याचे ड्रम मांडले, भाकरी-चटणी वाटली. त्याच मे महिन्याच्या ७ तारखेला परदेशात अडकलेल्यांना आणायला सरकारची विमानं निघाली. ८ तारखेला पहाटे जालन्याहून चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले.

परदेशातल्या माणसाला आणू नका असं कोणी म्हणत नाही. पण संकट एकच होतं ना? मग जो चालला त्याला काय मिळालं आणि जो विमान उडवतो त्याला काय मिळालं? शिव्या नंतर देऊ. आधी हिशेब.

आधी आमच्या घरचा. माझ्या धाकट्या भावानं मालवाहू रिक्षासाठी कर्जाचा अर्ज केला. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, सगळं लावलं. टेबलामागचा साहेब म्हणाला, जामीनदार आण. सरकारी नोकर पाहिजे, पगाराच्या कागदासकट. आता आमच्या वस्तीत सरकारी नोकर कुठून आणायचा? एक शिपाई होता, तो रिटायर झाला. अंगणवाडीवाली मावशी आहे, ती काम सरकारचं करते पण सरकारी नोकर नाही. भाऊ चार चकरा मारून घरी बसला. आता दुसऱ्याच्या गाडीवर हमाली करतो.

आता त्यांचा हिशेब. मे २०२० मध्ये केंद्र सरकारनं तातडीच्या कर्जहमीची योजना काढली, ईसीएलजीएस तिचं नाव. कर्ज बँकेनं द्यायचं, बुडालं तर सरकारनं भरायचं. हमी शंभर टक्के. योजना निघाली लहान-मध्यम धंद्यांच्या नावानं. मे २०२१ मध्ये विमान कंपन्या आत आल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका कंपनीची मर्यादा ४०० कोटींवरून १५०० कोटींवर नेली. त्यातल्या ५०० कोटींसाठी मालकानंही भांडवल घालावं, एवढी अट.

समजलं का लेको? विमान कंपनीला जामीनदार कोण? खुद्द भारत सरकार! माझ्या भावाला जामीनदार कोण? त्यानं शोधून आणायचा!

ही हमी वाडियांच्या गो फर्स्टनंही घेतली. २ मे २०२३ ला कंपनी स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज घेऊन ट्रायब्युनलच्या दारात. १० मेला हुकूम निघाला: वसुली थांबवा. आठ दिवसांत! भाड्यानं विमानं देणाऱ्या परदेशी कंपन्यांनी ओरड केली. ३ ऑक्टोबर २०२३ ला सरकारनं विमानं ह्या वसुलीबंदीतून वगळली. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी मोडीत काढायचा हुकूम झाला. कंपनीसाठी कायदा, कंपनीच्या सावकारासाठी दुरुस्ती. तिकिटाचे पैसे अडकलेला प्रवासी मात्र रांगेत मागे.

२०१६ च्या ह्या दिवाळखोरी कायद्यात साध्या माणसासाठीही एक भाग लिहिलेला आहे. तो २०१९ मध्ये लागू केला, पण कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. शेतकरी, मजूर, बचतगटातली बाई, ह्यांच्यापर्यंत तो आलाच नाही. काहून? त्यांचं दिवाळं निघत नाही का? निघतं. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ते ट्रायब्युनलात निघत नाही, कीटकनाशकाच्या डब्यात निघतं.

कर्जमाफीचं तोंडावर फेकू नका. २००८ च्या माफीत पूर्ण माफीला दोन हेक्टरची हद्द होती. कोरडवाहू कापसाचे पाच-सात एकरवाले त्यात कापले गेले. आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्या आमच्या भूमिहीनाला कुठली पीककर्जमाफी? त्याचं नाव बँकेच्या वहीत नसतं, सावकाराच्या वहीत असतं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये एअर इंडियाचा सौदा ठरला, १८,००० कोटी. रोख फक्त २,७०० कोटी, १५,३०० कोटींचं कर्ज टाटांनी उचललं. उरलेलं ४६,२६२ कोटींचं ओझं एका सरकारी कंपनीच्या डोक्यावर. म्हणजे काडेपेटी आणि साबणावर कर भरणाऱ्या तुमच्या-माझ्या डोक्यावर. २७ जानेवारी २०२२ ला विमानं टाटांकडे गेली आणि तिथल्या नोकरीतलं आरक्षण संपलं. कर्जात आपली भागीदारी, नोकरीत नाही. वा रे सौदा!

कोणी म्हणेल, कंपनी बुडाली तर कामगारच मरतो. कबूल. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली तेव्हा हजारो घरं उघडी पडली. बॅग उचलणारे आणि संडास साफ करणारे कोण असतात हे मला शिकवू नका. म्हणून तर म्हणतो, मदत द्या, पण अट घाला. अमेरिकेनं २०२० मध्ये विमान कंपन्यांना पगारासाठी पैसा दिला, तेव्हा ३० सप्टेंबरपर्यंत कोणाला काढायचं नाही अशी अट घातली. जर्मनीनं लुफ्तान्साचा वीस टक्के हिस्सा घेतला आणि २०२२ मध्ये नफ्यात विकला. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये इंडिगोनं दहा टक्के माणसं काढली. सरकारी असलेल्या एअर इंडियानं पाच वर्षांपर्यंत बिनपगारी घरी बसवायची योजना काढली. सरकार बघत बसलं.

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या लेकरांनी कर्जाचं गणित कळत नाही म्हणून मान खाली घालायची? मुंबई-पुण्याच्या दोस्तांनो, आकडे पाठ करा. जनतेच्या हमीवर कर्ज घेणाऱ्या कंपनीत जनतेचा हिस्सा आणि आपल्या पोरांना आरक्षण, हे मागा. दिवाळखोरीचा कायदा मजुराला लागू करा, हे मागा. आणि उद्या कोणत्याही टेबलामागचा साहेब म्हणाला, जामीनदार आण, तर त्याला शांतपणे सांगा:

विमानवाल्याला जो जामीन राहिला, त्याचंच नाव लिहा. भारत सरकार. माझंही तेच आहे.