नाव उशिरा ठेवलं म्हणून माणसं खोटी?

परवा जेवताना एक मित्र म्हणाला, "उइघुर वगैरे काही नसतं रे, १९२१ मध्ये सोव्हिएतांनी काढलेलं नाव ते." अर्धं खरं, म्हणूनच घातक.

८ व्या शतकातल्या तुर्की शिलालेखांत हे नाव आहे. ७४४ ते ८४० उइघुरांचं राज्य आजच्या मंगोलियात होतं. ते मोडल्यावर बरेचजण तुर्फानकडे आले, बौद्ध झाले. ११ व्या शतकातल्या महमूद काशगरीच्या कोशात उइघुर म्हणजे काफिर! इस्लाम पसरला तसं नाव मागे पडलं. लोक स्वतःला काशगरी, तुर्फानी किंवा नुसतं मुसलमान म्हणवू लागले. १९२१ मध्ये ताश्कंदच्या परिषदेत जुनं नाव पुन्हा उचललं गेलं. १९३० च्या दशकात शिनजियांग सरकारनेही स्वीकारलं.

म्हणजे नाव अखंड नाही, कबूल. उइघुर राष्ट्रवाद्यांनीही ते मान्य करावं. पण व्हेरिएबलचं नाव बदललं म्हणून आतली व्हॅल्यू उडते का? भाषा, मळे, बाजार तिथेच होते.

२०१७ पासून लाखोंना छावण्यांत डांबलं, तेव्हा कुणी नावाची व्युत्पत्ती विचारली नव्हती. असो. मित्राला हे सांगितलं, तर म्हणाला, "चहा घेणार?"