कुलूप लावले म्हणजे गाळा सुटला असे नव्हे

उमरग्याच्या बाजारपेठेत एका गाळ्याचे शटर दीड वर्ष खाली ओढलेले होते. वर औषधालयाची पाटी, आत मांडणीवर चूर्णांचे डबे, आसव-अरिष्टांच्या बाटल्या आणि रुग्णांची नोंदवही. गाळा भाड्याने घेणाऱ्या वैद्यांचा व्यवसाय तेथे जमला नाही व त्यांनी गाव सोडले. जाताना कुलूप लावले, किल्ली सोबत नेली आणि भाडे अनामत रकमेतून वळते होईल असे मनाशी धरले. गाळ्याचे मालक औषधविक्रेतेच. दोघेही आपल्याच व्यवसायातले, एकमेकांच्या घरी जाणेयेणे असलेले. प्रकरण नोटीस, वकीलपत्र आणि तारखा या वाटेने गेले व शेवटी तडजोडीने मिटले. त्यानंतर दोघांनीही आमच्यापाशी निरनिराळ्या वेळी एकच गोष्ट सांगितली. थकलेल्या भाड्यापेक्षा भांडणाचा खर्च अधिक झाला होता. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. अशी कुलुपे प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. आपल्या सभासदांत भाडेकरू आहेत तसे मालकही आहेत, म्हणून या विषयावर दोन्ही बाजूंना उद्देशून चार शब्द लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम भाडेकरूचा गैरसमज पाहू. दुकान बंद केले म्हणजे भाडे बंद झाले, असे पुष्कळांना वाटते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याने भाडेपट्टा कोणकोणत्या रीतीने संपतो हे सांगितले आहे. नुसते निघून जाणे ही त्यांतील रीत नव्हे. जागेचा ताबा मालकास परत देणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे. किल्ली देऊ केली नाही, ती मालकाने स्वीकारली नाही, तर जागा भाडेकरूकडेच आहे असे धरले जाते आणि देणे वाढत राहते. अनामत ही अनामत होय. ती भाड्यात वळती करायची तर करारात तसे लिहिलेले हवे.

मालकाचा गैरसमज याच्या उलट आहे. भाडेकरू निघून गेला, आता कुलूप तोडले तरी चालेल, असे त्यास वाटते. आपला भाग पूर्वी हैदराबाद राज्यात होता व मराठवाड्यास भाड्यासंबंधी १९५४ चा हैदराबादचा कायदा लागू होता. त्याची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली. ज्या गावांना हा अधिनियम लागू आहे तेथे जागा दाव्यापूर्वी सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय वापराविना पडून राहिली, तर ताबा मागण्यास ते कारण पुरेसे ठरू शकते. मात्र तो न्यायालयातूनच मागावा लागतो. थकबाकीच्या कारणावरून दावा करायचा तर आधी लेखी मागणी करून नव्वद दिवस थांबावे लागते. याच अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. करार लेखी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. तोंडी विश्वासावर गाळा देणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे.

कुलूप तोडणाऱ्या मालकावर आणखी एक आपत्ती येऊ शकते. कायदेशीर मार्गाविना ताबा गेलेल्या व्यक्तीस विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. आपल्या व्यवसायात त्यात भर अशी की, आत औषधसाठा असतो. कुचला, बचनाग यांसारखी विषवर्गातील द्रव्ये व त्यांचे कल्प असू शकतात, शिवाय रुग्णांच्या खासगी नोंदी असतात. साक्षीदारांशिवाय व यादीशिवाय शटर उघडले की "माझा माल गेला" हा नवा वाद सुरू होतो, आणि तो मूळ वादाहून महाग पडतो.

आता खर्चाचा मुद्दा. "निकाल आपल्या बाजूने लागला की खर्चासह वसूल करू," असे उभय पक्ष म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ चे तत्त्वही तसेच आहे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा. पण हा खर्च नियमांच्या तक्त्यानुसार मोजला जातो, प्रत्यक्ष दिलेल्या फीनुसार नव्हे. खोट्या वा त्रासदायक दाव्याबद्दल कलम ३५-अ खाली भरपाई मिळू शकते, परंतु तिची कमाल मर्यादा अवघी तीन हजार रुपये आहे. दिल्लीतील एका जागेच्या वादात तेथील उच्च न्यायालयाने एका पक्षास प्रत्यक्ष झालेला ४५ लाख २८ हजार रुपयांचा खर्च मंजूर केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो आदेश रद्द केला व नियमांत बसेल तेवढाच खर्च देता येतो असे ठरविले. मात्र खर्चाविषयीच्या तरतुदी अपुऱ्या असून त्या सुधाराव्यात असेही सुचविले. वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ याने व्यापारी वादांपुरती तीन हजारांची मर्यादा काढून टाकली. परंतु २०१८ च्या दुरुस्तीनंतरही तीन लाखांहून कमी मूल्याचे वाद त्या कक्षेत येत नाहीत. तालुक्याच्या गावातील गाळ्याचे थकीत भाडे बहुधा त्याखालीच असते. म्हणजे ज्याचा वाद लहान, त्यालाच खर्च परत मिळण्याची आशा कमी. ही मर्यादा सर्वच दाव्यांसाठी वाढवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वकिलांची फी हाच काही एकमेव खर्च नव्हे. तारखेच्या दिवशी चिकित्सालय बंद राहते. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले तर १९८१ पासून कार्यरत असलेले आपले खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, उमरग्याहून तीनशेहून अधिक किलोमीटर अंतरावर. हा हिशेब कोणत्याही हुकूमनाम्यात येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग अन्याय मुकाट्याने सोसावा काय? मुळीच नाही. जेथे लबाडी आहे, रक्कम मोठी आहे, तेथे अवश्य दाद मागावी. तीही वेळेत मागावी, कारण थकीत भाड्यास तीन वर्षांची मुदत आहे. आमचे म्हणणे एवढेच की, खर्च परत मिळेल या भरवशावर दावा लढवू नये.

निदानपरिवर्जन, म्हणजे हेतूच टाळणे, ही चिकित्सेची पहिली पायरी आपण रुग्णास रोज सांगतो. येथेही तीच लागू करावी. करार नोंदवावा. दरमहा ६,००० रुपये भाडे, ५०,००० रुपये अनामत आणि ३३ महिने मुदत असलेल्या अनुज्ञप्ती करारास, पाव टक्का दराने, मुद्रांक शुल्क सुमारे ५३० रुपये पडते. नोंदणी फी वेगळी. करारात जागा सोडण्याची पूर्वसूचना, अनामतीचा हिशेब आणि मागे राहिलेल्या मालाची व्यवस्था ही तीन कलमे असावीत. जागा सोडताना मालकास पोचपावतीसह पत्र पाठवावे, किल्ली दोन साक्षीदारांसमक्ष द्यावी, वीजमीटरचे आकडे व साठ्याची यादी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मालकानेही किल्ली घेण्यास नकार देऊ नये. उरलेली बाकी मागण्याचा हक्क लेखी राखून ठेवून ती घ्यावी. बाकीचा वाद पुढे चालू शकतो, पण भाडे वाढत जाणे त्या दिवशी थांबते.

वाद झालाच तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. लोकअदालतीतील तडजोडीस हुकूमनाम्याचे बळ असते, तिच्यावर अपील नाही, आणि प्रलंबित दावा तेथे मिटल्यास भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. संघटनेनेही प्रत्येक तालुक्यात दोन ज्येष्ठ सभासद मध्यस्थीसाठी नेमावेत व भाडेकराराचा नमुना या त्रैमासिकातून प्रसिद्ध करावा, अशी आमची सूचना आहे.

उमरग्याचा तो गाळा आता पुन्हा उघडला आहे. आतील चूर्णे ओल लागून फेकावी लागली. दोघा सभासदांचे पूर्वीचे जाणेयेणे मात्र अद्याप सुरू झालेले नाही, आणि तो खर्च कोणत्याही तक्त्यात बसत नाही. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.