कागद आपला, किल्ली दुसऱ्याकडे

पूर्वी दुकानाचा परवाना, जागेचा करारनामा आणि बँकेचे पासबुक घरातल्या पेटीत असे आणि पेटीची किल्ली घरच्या कर्त्या माणसाकडे असे. आता हेच कागद पीडीएफ नावाच्या फाइलमधून येतात. जीएसटीचे नोंदणीपत्र, उद्यम प्रमाणपत्र, आधार, बँकेचा खातेउतारा, शेताचा सातबारा, सगळे पीडीएफ. पण बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावी आमच्या किती व्यापारी आणि कारागीर बांधवांना ही फाइल स्वतः उघडता येते? बहुतेकजण मोबाइल घेऊन झेरॉक्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन कामे करणाऱ्या केंद्रात जातात आणि तेथला मुलगा सांगेल ते खरे मानून परत येतात. कागद आपला, पण किल्ली दुसऱ्याकडे, अशी ही अवस्था आहे.

काही बांधव म्हणतील, "आमचे काम सीए पाहतात, आम्हाला या भानगडीची काय गरज?" सीए काम पाहतात हे खरे, पण जबाबदारी त्यांची नसते, नोंदणीवर ज्याचे नाव आहे त्याची असते. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. त्याच्या कायद्यातील कलम १६९ प्रमाणे नोटीस पोर्टलवर ठेवली तरी ती बजावली असे धरता येते. पोस्टमन दारात येण्याची वाट पाहणाऱ्याला ती दिसतच नाही. नोंदणी रद्द का करू नये, अशी विचारणा करणाऱ्या नोटिशीला उत्तर देण्यासाठी सात कामाचे दिवस मिळतात. फाइल उघडली नाही म्हणून चार दिवस गेले, सीए परगावी म्हणून तीन दिवस गेले, की मुदत संपली. पुढे नोंदणी रद्द झाली तर ती पुन्हा चालू करण्याचा अर्ज आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत करता येतो. पण दरम्यान मोठे गिऱ्हाईक बिल घेत नाही आणि माल अडून राहतो. एक फाइल वेळेवर न उघडल्याची एवढी किंमत पडू शकते.

कारागिरांचेही तेच. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तीत सुतार, लोहार, शिंपी, गवंडी असे १८ व्यवसाय आहेत आणि तारणाशिवाय प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्जाची सोय पाच टक्के व्याजाने आहे. ज्या सुताराला किंवा शिंप्याला आपले प्रमाणपत्र स्वतः उघडून बँकेत दाखवता येत नाही, त्याला प्रत्येक खेपेस कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते.

आता ही पीडीएफ आहे तरी काय? अमेरिकेतील अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ मध्ये ती बाजारात आणली. कोणत्याही यंत्रावर कागद जसा बनवला तसाच दिसावा, हा तिचा हेतू. २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली, त्यामुळे ती वाचणारे सॉफ्टवेअर आता अनेकजण बनवतात. अ‍ॅडोबीचे रीडर फुकट मिळते. क्रोम, फायरफॉक्स आणि एज या ब्राउझरमध्येही पीडीएफ उघडते. तेव्हा निव्वळ फाइल वाचण्यासाठी कोणी सॉफ्टवेअरचे पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

फाइल उघडत नाही, याची कारणे बहुधा मोजकीच असतात. पहिले, फाइल अर्धवट उतरलेली असते. नेट मध्येच तुटले की नाव दिसते, पण आत काही नसते. फाइलचा आकार पाहावा. तो शून्य किंवा अगदीच थोडा असेल तर ती काढून टाकून पुन्हा उतरवावी. दुसरे, पोर्टलची वेळ संपलेली असते. लॉगिन करून बराच वेळ गेला की फाइलऐवजी चुकीचा संदेश असलेले पान पीडीएफच्या नावाने उतरते. बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे. तिसरे, मोबाइलमध्ये जागा उरलेली नसते. लग्नाचे व्हिडिओ ठेवायला जागा असते आणि सातबाऱ्याला नसते! चौथे, काही सरकारी फॉर्म भरण्यासाठी बनवलेले असतात. ते ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर उघडले की 'प्लीज वेट' एवढेच दिसते. कितीही थांबले तरी पुढे काही होत नाही. असा फॉर्म कॉम्प्युटरवर उतरवून अ‍ॅडोबी रीडरमध्येच उघडावा लागतो.

पाचवे कारण पासवर्डचे आणि आपल्या समाजाला ते विशेष अडते. आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्माचे वर्ष. आता मराठवाड्यात आपल्याकडे नाव लिहिण्याची रीत शेख, सय्यद, पठाण असे आडनाव आधी घालण्याची. मनुष्य स्वतःच्या नावाची चार अक्षरे टाकतो आणि फाइल उघडत नाही. आधारवर नाव ज्या क्रमाने छापले आहे त्याच क्रमाने पहिली चार अक्षरे घ्यावीत. शेख आधी असेल तर शेखचीच. त्यातही स्पेलिंगचा घोळ आहे. कोणाचे शेख 'एस-एच-ए-आय' असते, कोणाचे 'एस-एच-ई-आय'. मोहम्मदचे कोणी पूर्ण लिहितो, कोणी 'एम-डी' लिहून टिंब देतो, आणि ते टिंबही अक्षर म्हणून मोजले जाते. म्हणून आधारकार्ड समोर ठेवून, जसे छापले तसेच टाकावे. आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकाचा पासवर्ड वेगळा असतो: पॅन क्रमांक लहान अक्षरांत आणि त्यापुढे जन्मतारीख; भागीदारी पेढी असेल तर स्थापनेची तारीख. बँकेचा पासवर्ड कसा बनतो, हे बँकेच्या ईमेलमध्येच सहसा लिहिलेले असते. तो मजकूर वाचण्याची सवय मात्र लावून घेतली पाहिजे.

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, ही आणखी एक तक्रार. यात आपल्या मोबाइलचा दोष नसतो. फाइल बनवणाऱ्याने मराठी फाँट फाइलमध्ये घातलेला नसतो. त्याला फाँट घालून फाइल पुन्हा पाठवायला सांगावे. छापखान्यातून पत्रके किंवा बिलबुके करून घेणाऱ्यांनी तपासणीची प्रत घेतानाच हे पाहावे.

सर्वांत जास्त वाद होतो तो डिजिटल सहीवरून. सातबारा किंवा आधार रीडरमध्ये उघडले की सहीवर प्रश्नचिन्ह दिसते आणि समोरचा म्हणतो, "हा कागद खोटा आहे." तसे नसते. प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच, की त्या कॉम्प्युटरला सही देणाऱ्या यंत्रणेची ओळख पटलेली नाही. नेट चालू ठेवून सहीवर उजवी टिचकी द्यावी, 'सिग्नेचर प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन सही करणाऱ्याचे सर्टिफिकेट पाहावे, साखळीच्या मुळाशी 'सीसीए इंडिया' हे नाव आहे याची खात्री करावी, मग 'ट्रस्ट'मध्ये त्याला विश्वासार्ह ठरवून सही पुन्हा तपासावी. हिरवी खूण येते. मात्र फाइल आपण स्वतः सरकारी संकेतस्थळावरून उतरवलेली असेल तरच हे करावे. लाल फुली आली तर तो कागद वापरू नये, नवी प्रत काढावी. आणि हेही लक्षात ठेवावे की मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला किंवा फाइल पुन्हा पीडीएफ म्हणून छापली, तर त्यातली डिजिटल सही नाहीशी होते. मूळ फाइलच पुढे पाठवावी.

धोक्याचेही बोलले पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा दंडाची पावती म्हणून आलेल्या फाइलच्या नावाचा शेवट पाहावा. शेवटी 'पीडीएफ' नसून 'एपीके' असेल तर तो कागद नव्हे, मोबाइलमध्ये शिरणारे अ‍ॅप आहे. अशा अ‍ॅपने लोकांची बँकखाती रिकामी केली आहेत. तसेच पासवर्ड काढून देतो म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर आधार किंवा खातेउतारा चढवू नये. झेरॉक्सच्या दुकानात फाइल उघडावीच लागली, तर काम झाल्यावर ती तेथल्या कॉम्प्युटरमधून आणि कचरापेटीतूनही काढून टाकायला सांगावे व आपल्या डोळ्यांदेखत काढून घ्यावी.

दोष सगळा आपलाच आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्या राज्यात व्यापारी मराठीत हिशेब ठेवतो, तेथे त्याची नोंदणी रद्द करणारी नोटीस इंग्रजीत का यावी? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला आणि त्याने डिजिटल सहीला हाताच्या सहीइतकीच मान्यता दिली. असे असताना शिक्का मारून आणा म्हणून माणसाला परत पाठवणे कोणत्या नियमात बसते? कार्यालयांनी आणि बँकांनी याचे उत्तर दिले पाहिजे, आणि ते मागण्यासाठी आपल्याला नियम माहीत असला पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक दुकानात आणि कारखान्यात एका तरी माणसाला हे काम यावे. घरात शिकलेली मुलगी असेल तर तिच्याकडे ते सोपवावे. पण मालकाने स्वतःही शिकून घ्यावे, कारण मुली सासरी जातात आणि मुले शहरात. मोबाइलमध्ये एक फोल्डर करून कागद नाव व वर्ष घालून ठेवावेत, दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर घरात ठेवावी. जीएसटीचे पोर्टल आठवड्यातून एक दिवस ठरवून पाहावे. बदनापूरच्या व्यापारी मंडळींनी बाजार बंद असेल त्या दिवशी दोन तास बसून एकमेकांना हे शिकवले, तर खर्च चहाचा तेवढा येईल. उधारीची वही आपण परक्याच्या हाती देत नाही. मग नोंदणी, जमीन आणि बँकेचे कागद तरी का द्यावेत?