'गुड टाइम्स' कुणाचे?

ब्लॅक पँथरचं नाव घेऊन १९७२ साली आपली चळवळ उठली, म्हणून हे काळं घर मला परकं नाही. 'गुड टाइम्स' ही अमेरिकन टीव्हीवरची १९७४ सालची विनोदी मालिका. शिकागोची सरकारी वसाहत, राबणारा बाप, थकलेलं भाडं. पण थोरल्या पोराचा त्यांनी विदूषक केला. बापाचं काम करणारा जॉन एमॉस त्यावर भांडला. १९७६ साली त्याला काढला, गोष्टीत अपघातात मारला.

२०२४ साली नेटफ्लिक्सनं तेच घर कार्टूनात पुन्हा मांडलं. आता नातवाचा संसार, अन् त्याचं तान्हं पोर गर्द विकतं! पन्नास वर्षांत एवढीच बढती? गोदीत आम्हीही हसतो, मुकादमावर. स्वतःच्या भुकेवर पण. त्याला तिकीट लावत नाही. एमॉस त्याच वर्षी ऑगस्टात वारला.