शितावरून भाताची परीक्षा

मॅट्रिकचा निकाल लागण्याच्या दिवशी पूर्वी घराघरांत जी स्थिती होत असे, तीच हल्ली आमच्या लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावीही 'जी-मॅट' नावाच्या परीक्षेच्या आकड्याने होऊ लागली आहे. परदेशी व्यापारविद्या शिकून एम. बी. ए. होऊ इच्छिणाऱ्या तरुणास ही परीक्षा बहुधा द्यावी लागते. आकडा मोठा आला तर पेढे. मध्यम आला तर माजघरात कुजबुज, ओसरीवर मौन, आणि मुलगा दोन दिवस कोणाच्या दृष्टीस पडत नाही. अशा मध्यम गुणांच्या मुलाने पुढे प्रयत्न करावा की नाही, आणि करावा तर कोणत्या रीतीने, ह्याचा विचार ह्या खेपेस करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. गणित, भाषा आणि आकडेवारीचा अर्थ लावणे असे तिचे तीन भाग असून प्रत्येकास पंचेचाळीस मिनिटे मिळतात. एकंदर प्रश्न ६४. हे रूप नोव्हेंबर २०२३ पासूनचे. जुनी परीक्षा जानेवारी २०२४ अखेर बंद झाली. जुन्या परीक्षेचे माप २०० ते ८०० असे होते. नव्याचे २०५ ते ८०५ असे आहे. मापे दिसण्यात सारखी असली तरी ती एक नव्हेत. जुने ७०० गुण हे नव्या मापात सुमारे ६४५ च्या जोडीचे धरले जातात. तेव्हा थोरल्या चुलतभावास दहा वर्षांपूर्वी ६९० मिळाले होते आणि धाकट्यास ६३५ च मिळाले, म्हणून धाकट्यास मंद ठरविणे हा शेराने मोजलेले धान्य किलोच्या भावाने विकण्यासारखाच प्रकार होय.

आता ह्या आकड्याचे मोल किती? संस्कृतात स्थालीपुलाकन्याय म्हणून एक न्याय आहे. मराठीत आपण शितावरून भाताची परीक्षा म्हणतो. हजारो अर्ज ज्यांच्या पुढ्यात येतात त्या परीक्षकांस प्रत्येक पातेले उपसून पाहणे अशक्य. म्हणून ते एक शीत चेपून पाहतात. परंतु शहाणी गृहिणी एक शीत कच्चे निघाले म्हणून सारा भात उकिरड्यावर टाकीत नाही. ती पळीने तळ ढवळून दुसरे शीत पाहते. अर्जदाराचे काम एवढेच की, आपल्या पातेल्यातील दुसरी शिजलेली शिते परीक्षकाच्या पळीस लागतील अशी व्यवस्था करणे.

विद्यालये आपल्या वर्गाच्या गुणांचा मध्यक प्रसिद्ध करतात. हार्वर्डचा मध्यक जुन्या मापाने अलीकडे ७३०-७४० च्या घरात असे. हा आकडा वाचून पुष्कळ मुले हाय खातात. पण मध्यक म्हणजे निवडलेल्या विद्यार्थ्यांस गुणानुक्रमे ओळीने उभे केले असता मधोमध येणाऱ्याचे गुण. अर्थात निवडलेल्यांपैकी सुमारे निम्मे त्याच्या खालचेच असावयाचे! तथापि येवढ्याने हुरळून जाऊ नये. हिंदुस्थानातून जाणाऱ्या अर्जांत अभियंत्यांचा भरणा मोठा असतो, आणि एकाच साच्याचे दहा अर्ज समोर आले म्हणजे निवड करताना गुणांकडे लक्ष जाणे साहजिक आहे. म्हणून मध्यम गुणांच्या मुलाचा अर्ज त्या दहांसारखा दिसून चालणार नाही.

ह्या बाबतीत आमच्या डोळ्यांपुढे सदैव आनंदीबाई जोशी ह्यांचे उदाहरण उभे राहते. विद्या वैद्यकाची आणि काळ निराळा, परंतु अडचण हीच. १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून निघून जूनमध्ये ती अठरा वर्षांची स्त्री अमेरिकेस उतरली. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयास हवे असलेले रीतसर शालेय शिक्षण तिच्यापाशी नव्हते. २८ जून १८८३ रोजी तिने महाविद्यालयाच्या चालकांस जे पत्र लिहिले, त्यात ही उणीव तिने झाकली नाही. आपण प्रवेशाच्या सर्व अटींस उतरणार नाही असा संभव आहे, हे तिने आपण होऊनच सांगितले. आणि लागलीच, आप्तेष्टांचा व जातीचा विरोध सोसून आपण एवढ्या दूर कां आलो, स्वदेशभगिनींस स्त्री-वैद्याची गरज किती आहे, ते निवेदन केले. पत्रात रडगाणे नाही आणि बढाईही नाही. महाविद्यालयाने तीस प्रवेश दिला, द्रव्यसाह्यही केले, आणि ११ मार्च १८८६ रोजी ती पदवी घेऊन बाहेर पडली. पुढे वर्ष लोटण्याच्या आतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, तिचे पुण्यास निधन झाले, ही हानी निराळीच. पण प्रवेशपत्र कसे लिहावे ह्याचा धडा तिने घालून दिला आहे : उणीव एका वाक्यात कबूल करावी, आणि उरलेले पत्र हेतूस व त्याच्या पुराव्यास द्यावे.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९०७ साली मॅट्रिकला त्यांस ७५० पैकी २८२ गुण मिळाले. म्हणजे शेकडा अडतीसही नव्हेत. वर्गात वेगळे बसविले गेलेल्या मुलाचे ते गुण होते, हे मात्र गुणपत्रिकेवर लिहिलेले नसते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ त अर्थशास्त्रात एम. ए. झाले, आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास लंडन विद्यापीठाने त्यांस डी. एस्‌सी. दिली. मॅट्रिकचा आकडा पाहून ही वाट कोणी आखून दिली असती काय?

आता व्यवहाराच्या गोष्टी सांगू. आमच्या परिचयाच्या एका घरात बी-बियाणे व खतांचे दुकान आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपात सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली, तेव्हा ह्या घराचेही दुकान पडले. ते आजोबांनी व थोरल्या काकांनी पुन्हा उभे केले. नातू पुण्यास अभियंता झाला, चार वर्षे नोकरी केली आणि जी-मॅटला त्यास ५७५ गुण मिळाले. एका दलालाने पैसे घेऊन त्यास निबंध लिहून दिला. त्यात लहानपणापासूनची स्वप्ने, नेतृत्वाचे गुण वगैरे सर्व काही होते. लोहारे तेवढे कोठे नव्हते. वस्तुतः ह्याच मुलाने सुट्टीत बसून दुकानाची उधारीची खतावणी संगणकावर चढविली होती. मृगाच्या पेरणीस दिलेले बियाणे दसरा-दिवाळीस सोयाबीन विकल्यावर वसूल होते, पावसाने ताण दिला की कोणते खाते थकते आणि कोणत्या शेतकऱ्यास तरीही पुन्हा उधार द्यावेच लागते, हे त्यास आकड्यांनिशी ठाऊक आहे. व्यापारविद्येच्या परीक्षकास ह्याहून अधिक काय पाहिजे? आम्ही त्यास तो विकतचा निबंध बाजूस ठेवून ही खतावणी लिही असे सुचविले. विकतच्या निबंधाचा दुसरा धोका असा की, मुलाखतीत प्रश्न विचारला म्हणजे निबंध एक बोलतो आणि मुलगा दुसरेच.

शिफारसपत्राविषयीही आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. आमदारसाहेबांचे किंवा एखाद्या कुलगुरूंचे पत्र आणले की काम झाले असे वडीलधाऱ्यांस वाटते. परीक्षकास हवा असतो तो मुलाचे काम रोज पाहणारा वरिष्ठ. त्याने सांगितलेला एक खरा प्रसंग मोठ्या नावाखालील दहा विशेषणांस भारी ठरतो.

गणिताच्या भागात गुण कमी असतील तर महाविद्यालयातील गणिताचे गुण, हिशेबाचे प्रत्यक्ष काम किंवा संख्याशास्त्राचा एखादा नवा अभ्यासक्रम पुरा करून त्याचा दाखला जोडावा. परीक्षा पुन्हाही देता येते. दोन खेपांत सोळा दिवसांचे अंतर पाहिजे आणि बारा महिन्यांत पाच खेपांची मर्यादा आहे; गुण पाहून मग कोणते पाठवावयाचे हे उमेदवारच ठरवितो. पुष्कळ विद्यालये जी-मॅटऐवजी 'जी. आर. ई.' ही परीक्षाही मान्य करतात, आणि काही तर अनुभवी उमेदवारास परीक्षेची माफीही देतात. दुसऱ्या प्रयत्नाने गुण वाढण्याची आशा असेल तर तो अवश्य करावा. परंतु पाचव्या प्रयत्नापायी निबंध व नोकरी दोन्ही नासवू नयेत.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. मध्यम गुणांनी प्रवेश मिळेल. पण शिष्यवृत्ती देताना पुष्कळ ठिकाणी गुणांस वजन असते, म्हणून प्रवेश मिळूनही पैशाचा डोंगर उभाच राहतो. शेतजमीन तारण घेण्यास बऱ्याच बँका तयार नसतात. मग जमीन विकण्याची भाषा निघते. वर सांगितलेल्या घरातही सहा एकर काढण्याचा विचार चालला होता. आमचे मत विचाराल तर, एकत्र कुटुंबाची जमीन ही एकट्या नातवाची नव्हे. ती विकण्यापूर्वी घरातील सुनांस व धाकट्यांसही बसवून विचारावे, आणि चार आकडे कागदावर मांडावे : एकंदर खर्च किती, मदत किती, तेथून बाहेर पडणाऱ्यांस नोकऱ्या किती व काय पगाराच्या लागल्या, आणि नोकरी न लागता परत यावे लागले तर हप्ता कोण भरणार. चौथ्याचे उत्तर मिळत नसेल तर विद्यालयाचे नाव केवढेही मोठे असो, थांबावे. वर्षभर थांबल्याने काही बिघडत नाही, कारण जी-मॅटचे गुण पाच वर्षे चालतात. दोन वर्षांऐवजी एका वर्षात शिक्षण पुरे करणारी विद्यालयेही युरोपात आहेत. फ्रान्समधील 'इन्सियाड'चा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा आहे. जे. एन. टाटा निधी १८९२ पासून परदेशी शिक्षणास कर्जाऊ शिष्यवृत्ती देत आला आहे. अशी दारे आधी ठोठवावी.

उपर्युक्त घराने जमीन तूर्त राखली आहे. मुलगा एकवार पुन्हा परीक्षेस बसणार आहे आणि निबंध स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यश त्याच्या हाती नाही, पण अर्ज खरा असणे हे खचित त्याच्या हाती आहे.

शेवटी वडीलधाऱ्यांस एकच विनंती. परक्या देशातील परीक्षकसुद्धा एका शितावर न थांबता दुसरे शीत पाहावयास तयार असतो. ज्यांनी तो भात स्वतः चुलीवर चढविला, त्यांनी तरी एका आकड्याने मुलाची किंमत ठरवू नये.