झाकली मूठ आणि थेरपिस्टचे कर्तव्य

मंडळाच्या कार्यक्रमांत मला बाजूला घेऊन हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: "थेरपिस्टकडे जायला हरकत नाही हो, पण बाहेर कळलं तर?" अमेरिकेत बरीच वर्षे या क्षेत्रात काम केल्यावर माझे मत झाले आहे की, आपल्या माणसांना आजारापेक्षा बोभाट्याची भीती जास्त वाटते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे आपल्या अंगात भिनलेले आहे. पण ही मूठ झाकून ठेवणे थेरपिस्टवर कायद्याने बंधनकारक आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

१९९६ साली जॅफी विरुद्ध रेडमंड या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निर्णय दिला की, उपचारांच्या वेळी रुग्णाने सांगितलेल्या गोष्टी उघड करण्याची सक्ती फेडरल कोर्टातही सर्वसाधारणपणे करता येणार नाही. परवानाधारक सोशल वर्करलाही हे संरक्षण मिळाले. त्याच वर्षी हिपा कायदा झाला. २००३ पासून लागू झालेल्या त्याच्या नियमांनुसार थेरपिस्टने वेगळी ठेवलेली खासगी टिपणे इतर वैद्यकीय कागदांपेक्षा अधिक सुरक्षित असतात. उद्या तुमच्या साहेबाने फोन करून चौकशी केली, तर तुमच्या लेखी संमतीशिवाय तुम्ही तिथे येता की नाही, एवढेही त्याला सांगता येत नाही.

या नियमाला अपवादही आहेत. मुलांवर अत्याचार होत असल्याचा रास्त संशय आल्यास थेरपिस्टला ते कळवावेच लागते, मग राज्य कोणतेही असो. रुग्णाच्या स्वतःच्या जिवाला गंभीर धोका असेल तर त्याला वाचवण्यासाठी मौन सोडता येते. तिसरा अपवाद दुसऱ्याच्या जिवाचा, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या घटनेत आपल्याच देशातून आलेला एक विद्यार्थी होता. १९६९ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात या विद्यार्थ्याने एका तरुणीला मारण्याचा इरादा आपल्या सायकॉलॉजिस्टजवळ बोलून दाखवला. सायकॉलॉजिस्टने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. त्यांनी त्याला ताब्यात घेऊन सोडून दिले. त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणीच सावध केले नाही. ऑक्टोबरमध्ये त्याने तिचा खून केला. टॅटियाना टॅरासॉफ हे तिचे नाव. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने ठरवले की, अशा व्यक्तीच्या बचावासाठी योग्य ती पावले उचलणे हे थेरपिस्टचे कर्तव्य आहे. मात्र सर्व राज्यांचे नियम सारखे नाहीत. टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने १९९९ साली असे कर्तव्य मानण्यास नकार दिला. म्हणून पहिल्याच भेटीत बेधडक विचारा: "माझी गोष्ट तुम्ही कोणत्या परिस्थितीत बाहेर सांगाल?" चांगला थेरपिस्ट हे न विचारताही सांगतो, कारण तेही त्याचे कर्तव्यच आहे.

आता आपल्या बाजूविषयी थोडे स्पष्ट बोलते. "फी आम्ही भरतो, मग मुलगा काय म्हणाला ते आम्हाला का नाही सांगत?" असे आईवडील रागाने विचारतात. मूल १८ वर्षांचे झाले की त्याच्या परवानगीशिवाय थेरपिस्टला ते सांगता येत नाही. त्याहून लहान मुलांचे नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात काही अटींवर १२ वर्षांचे मूलही स्वतः समुपदेशनाला संमती देऊ शकते. मात्र तुम्हाला वाटणारी काळजी थेरपिस्टला कळवायला कोणताच कायदा आड येत नाही. त्याला ऐकता येते, फक्त उलट सांगता येत नाही. मला हा नियम योग्य वाटतो. आईच्या कानावर जाईल या धास्तीने गप्प बसलेल्या मुलावर उपचार कसे होणार?

पैशाच्या बाजूनेही एक फट राहते. मुले २६ वर्षांची होईपर्यंत पालकांच्या विम्यावर राहू शकतात, आणि खर्चाचा तपशील बहुधा पॉलिसी ज्याच्या नावावर असते त्याच्याकडे येतो. तो दुसऱ्या पत्त्यावर मागवता येईल का, हे सज्ञान मुलांनी विमा कंपनीला आधीच विचारून घ्यावे.

शेवटचा मुद्दा 'आपल्यातल्याच' डॉक्टरचा. ज्यांच्या पंगतीला आपण बसतो त्यांच्यावरच उपचार करणे टाळावे, असे आमच्या व्यवसायाची आचारसंहिता सांगते. ओळखीच्यांना मी नकार देते तो शिष्टपणा म्हणून नव्हे. मी त्यांना दुसऱ्या थेरपिस्टांची नावे देते, आणि पुढे तो विषय कधी काढत नाही.

जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. २०२२ पासून ९८८ हा नंबर देशभर चालू आहे, तो लगेच फिरवा. बाकीच्यांनी, लोक काय म्हणतील या भीतीने दुखणे अंगावर काढू नये, एवढीच विनंती.