पहिल्या पानाचा सौदा

"अगं, माझी वेबसाइट गूगलवर मलाच सापडत नाही, तर लोकांना कुठून सापडणार?" गेल्या दिवाळीत इंदूरला गेले तेव्हा हातात चहाचा कप पडण्याआधीच काकांनी हे गाऱ्हाणे मांडले.

काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले त्याला आठ वर्षे झाली. मोडी लिपी हे त्यांचे वेड. होळकर दरबाराचा कारभार एके काळी मराठीतून, मोडीत चाले. त्यामुळे इंदूरच्या जुन्या मराठी घरांतल्या ट्रंका उघडल्या की मोडीतले कागद निघतात आणि ते वाचून घ्यायला लोक काकांकडे येतात. ही विद्या आपल्याबरोबर जाऊ नये म्हणून त्यांनी शेजारच्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलाकडून स्वतःची वेबसाइट तयार करून घेतली. दोन वर्षे खपून चाळीस धडे लिहिले. पण महिनोन् महिने तिकडे कुणी फिरकले नाही.

मग एक दिवस फोन आला. बोलणारी मुलगी गोड होती. "सर, तीन महिन्यांत तुमची वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर, पहिल्या नंबरवर. गॅरंटी!" काकांनी १८,००० रुपये भरले. तीन महिन्यांनी रंगीत आलेखांचा एक अहवाल आला आणि त्यासोबत आणखी १२,००० रुपयांची मागणी. काकू मात्र संतापल्या होत्या. "कुणाला हवीय आता तुमची मोडी? तेवढ्या पैशांत घराला रंग देऊन झाला असता." पैसे गेल्याचे काकांना वाईट वाटलेच, पण त्याहून जास्त लागले होते ते काकूंचे पहिले वाक्य. वेबसाइट बंदच करून टाकावी, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. पहिल्या क्रमांकाची गॅरंटी कुणीही देऊ शकत नाही. हे गूगलनेच वेबसाइटवाल्यांसाठी लिहिलेल्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. शोधाच्या यादीतली नेहमीची जागा पैसे देऊन विकत मिळत नाही. विकत मिळते ती जाहिरातीची जागा, आणि तिच्यावर तसे लिहिलेले असते. फोनवर गॅरंटी देणारा एक तर अजाण असतो किंवा लबाड.

चहा संपल्यावर मी काकांचा संगणक उघडला. सर्वांत पहिली तपासणी अगदी सोपी आहे आणि ती कुणालाही घरबसल्या करता येते. गूगलच्या चौकटीत रोमन लिपीत 'साइट' हा शब्द लिहायचा, त्याला जोडून कोलन आणि त्यालाच चिकटून आपल्या वेबसाइटचा पत्ता. मध्ये जागा सोडायची नाही. गूगलने आपली जी पाने नोंदवून घेतली असतील, ती समोर येतात. काकांच्या चाळीस धड्यांपैकी किती आले असतील? एकही नाही.

कारण शोधायला दहा मिनिटे लागली. वेबसाइट वर्डप्रेसवर बनवलेली होती. तिच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' नावाच्या पानावर एक छोटासा चौकोन असतो. त्यावर खूण केली, की शोधयंत्रांना निरोप जातो, 'आमची पाने यादीत घेऊ नका.' काम अर्धवट असताना अशी खूण करणे योग्यच असते. त्या मुलानेही ती केली होती आणि नंतर काढायला विसरला होता. म्हणजे काकांनी दुकान थाटले, माल भरला, पण शटर खालीच राहिले. आणि १८,००० रुपये घेणाऱ्यांनी तो चौकोन उघडूनही पाहिला नव्हता!

मग त्यांनी केले तरी काय? अहवालात अभिमानाने लिहिले होते, '६०० लिंक तयार केल्या.' हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी एक कल्पना मांडली. एखाद्या पानाकडे दुसऱ्या किती आणि कोणत्या पानांनी बोट दाखवले आहे, यावरून त्याचे महत्त्व ठरवायचे. गावात नव्या डॉक्टरची चौकशी आपण चार घरी करतो, तसेच हे. पुढे गूगल त्यावरच उभे राहिले. मग लोकांनी बोटे विकत घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकान साखळीची पाने कपड्यांपासून चादरींपर्यंत अनेक शोधांत सर्वांत वर दिसत. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले, की त्यासाठी भलत्याच विषयांच्या हजारो पानांवर त्यांच्या लिंक पेरल्या होत्या. गूगलने ती पाने खाली ढकलली. कंपनीने आपल्याला याची कल्पना नसल्याचे सांगून सल्लागाराला काढून टाकले. २०१२ पासून तर अशा लिंक ओळखण्याची वेगळी व्यवस्थाच गूगलने आणली. आता त्या बहुतेक वेळा मोजल्याच जात नाहीत, आणि कधी कधी उलट शिक्षाही होते. मोडीच्या धड्याकडे बोट दाखवणारी काकांची ती ६०० पाने परदेशी जुगाराची आणि औषधांची होती. काकूंना हे मी सांगितले नाही.

मुलाला बोलावून खूण काढून टाकली. पण एवढ्याने भागणार नव्हते. काकांचे पहिले पंधरा धडे त्यांच्या जुन्या संगणकावर कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेले होते. आपल्या डोळ्यांना तिथे 'मराठी' दिसते. यंत्राला मात्र इंग्रजीतली ई, जे, के, बी, एच ही अक्षरे दिसतात. कारण हे जुने फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मराठी मुखवटे आहेत. मग 'मोडी' शोधणाऱ्याला ते पान सापडणार कसे? मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने फुकट मिळतात, मात्र त्यानंतर एकदा डोळ्यांखालून घालावा लागतो, जोडाक्षरे हमखास बिघडतात. आपल्याकडच्या किती मंडळांच्या स्मरणिका आणि घराण्यांच्या वंशावळी अशा मुखवट्याआड पडून असतील!

उरलेले धडे तर वहीच्या पानांचे फोटोच होते. हस्ताक्षर सुरेख, पण यंत्र शोधते ते मुख्यतः टाइप केलेल्या मजकुरातून. फोटो ठेवावेत, मात्र खाली चार ओळी लिहाव्यात आणि फोटोला वर्णन जोडावे.

पानांची नावे पाहिली तर 'धडा १', 'धडा २', 'धडा ३'. शोधाच्या यादीत ठळक दिसते ते हेच नाव. मी काकांना विचारले, "लोक तुमच्याकडे येतात तेव्हा काय विचारतात?"

"कुणी म्हणतं आजोबांचं खरेदीखत वाचून द्या. कुणी विचारतं, कागदावर सलास, अर्बा असं काहीतरी लिहिलंय, ते काय?"

"मग पानाचं नाव तेच ठेवा ना!"

सलास, अर्बा हे शुहूर सनाचे अरबी आकडे. त्या सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. हे काकांनी सातव्या धड्याच्या पोटात दडवून ठेवले होते. आता त्याचे स्वतंत्र पान झाले, 'मोडी कागदावरचा शुहूर सन कसा वाचावा' या नावाचे. 'जुने मोडी खरेदीखत' हे दुसरे. पुष्कळ मराठी माणसे रोमन अक्षरांत मराठी शोधतात, म्हणून 'मोडी' हा शब्द पानावर एकदोनदा रोमन लिपीतही घातला. एकदोनदाच. शब्द पन्नास वेळा घोळून किंवा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवून काही साधत नाही. काही जण पानाच्या पोटात 'कीवर्ड' नावाची शब्दांची यादी भरून त्याचेही पैसे घेतात. क्रम ठरवताना ती यादी आपण विचारातच घेत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

शेवटी गूगल सर्च कन्सोलमध्ये वेबसाइट नोंदवली. ही सोय विनामूल्य आहे. आपले कोणते पान यादीत गेले, कोणते का अडले, लोक कोणते शब्द टाइप करून आले, हे तिथे दिसते. पाने नोंदवली जायला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि चांगला क्रम मिळायला कित्येक महिने. दुसऱ्याच आठवड्यात काकांचा फोन आला, "अजून काही नाही गं." मी म्हटले, "काका, पेरल्यावर रोज माती उकरून बघतात का?"

खऱ्या लिंक मात्र मिळवाव्या लागतात, आणि त्या ओळखीतून मिळतात. काकांनी ज्यांना कागद वाचून दिले होते, त्यांतल्या एका अभ्यासकाने आपल्या लेखात त्यांच्या पानाचा उल्लेख केला. गावातल्या मराठी मंडळाने आपल्या वेबसाइटवर पत्ता दिला. दोनच लिंक, पण विषयाच्या.

आजही 'मोडी लिपी' एवढेच शोधले, तर काका पहिल्या पानावर नाहीत. तिथे विकिपीडिया आणि बडी नावे आहेत. शिवाय २०२४ पासून भारतातही गूगल पुष्कळ प्रश्नांची उत्तरे यंत्राकडूनच तयार करून वर देते, त्यामुळे कित्येकजण कुठलेच पान उघडत नाहीत. पण 'शुहूर सन' शोधले, की काका वर दिसतात. त्यांच्या कन्सोलवर मागच्या महिन्यात ४१ क्लिक होते. काकांनी ते वहीत रोजच्या रोज टिपले आहेत.

परवा सांगलीहून एका गृहस्थांचा फोन आला. पणजोबांचे खरेदीखत होते, भावकीत वाद चालला होता, आणि वाचणारे कुणी मिळत नव्हते. काकांनी फोटो मागवून घेतला. त्यात पाऊण आणि सव्वाच्या खुणा अडत होत्या, तेव्हा काकूंनीच भिंग आणून दिले. आता 'मोडीतले पाव, अर्धा, पाऊण' हे पान लिहायला घेतले आहे. टाइप काकू करताहेत, कारण युनिकोडमधली जोडाक्षरे काकांना अजून जमत नाहीत.